वाचकांचे प्रश्न: मिनी ट्रॅक्टरवर बुडखे कुरतडणारं हायड्रॉलिक चाक

प्रश्न : आंब्याची जुनी बाग काढली, ४० ते ६० सेंमी जाडीचे बुडखे शेतात तसेच आहेत. ट्रॅक्टर २७ एचपीचा आहे. पुस्तिकेत हायड्रॉलिक पंप २० लिटर प्रति मिनिट आणि १५० बार असा लिहिलाय. टिपिंग ट्रॉली उचलणाऱ्या ऑइलवर दातांचं चाक फिरवता येईल का? (जुन्नर)

उत्तर : फिरेल, पण लाकडाला लागताच थांबेल. लिटर गुणिले बार, भागिले ६०० केलं की किलोवॅट निघतात. तुमचे झाले ५, म्हणजे जेमतेम पावणेसात एचपी. त्यातलीही काही पंप-मोटरच्या गळतीत जाते. ट्रॉलीला हे पुरतं, कारण तिला ताकद काही सेकंदच लागते. चाकाला ती सलग लागते.

म्हणून पंप वेगळा, पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा, अवजारं फिरवणारा शाफ्ट). पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे गिअर पंपाला कमी पडतात, तेव्हा मध्ये १:३ चा वेग वाढवणारा गिअरबॉक्स घ्या. २८ सीसीचा (एका फेऱ्यात २८ घनसेंमी ऑइल ढकलणारा) पंप १६२० फेऱ्यांवर सुमारे ४२ लिटर देतो. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरावीक मर्यादेवर गेला की ऑइल टाकीत सोडणारा) १७० बारला लावला तर पीटीओवर साधारण १९ एचपीचा भार येतो, तो तुमचा ट्रॅक्टर पेलेल. पीटीओ ७५० फेऱ्यांवर टाकायचा मोह मात्र नको. तोच पंप ५८ लिटर ढकलेल आणि २६ एचपी मागेल, इंजिन बसेल.

चाक फिरवणारी, ऑइलवर चालणारी मोटर ४० सीसीची गिअर मोटर. स्वस्त म्हणून ऑर्बिट मोटर सुचवली जाते, पण ती कमी फेऱ्यांची, जास्त जोराची चीज आहे. इथे चाकाला हजाराच्या आसपास फेरे हवेत. ४०० मिमी व्यासाचं चाक त्या वेगाला धरलं तर दाताचा वेग सेकंदाला २१ मीटर येतो आणि लाकडाचा नीट चुरा होतो.

चाक थेट मोटरच्या शाफ्टवर बसवू नका. गिअर मोटरला आडवा दाब सोसत नाही, काही तासांतच बुश जातात. ५० मिमीचा वेगळा शाफ्ट, दोन्ही बाजूंना यूसीपी २१० बेअरिंग आणि मोटरशी रबरी स्पायडरची कपलिंग. व्ही-बेल्टनेही मोटरवर तोच आडवा ताण येतो.

पाइप: पंपाच्या ओढीला सव्वा इंची, दाबाला अर्धा इंची दोन तारांच्या जाळीचा, परतीला पाऊण इंची. ओढीचा पाइप बारीक पडला की पंप किंचाळतो आणि आतून खाल्ला जातो.

बुडखे पंधरा-वीसच असतील तर एवढा खटाटोप करू नये, दिवसभर जेसीबी लावावा. ठिबकची मेन लाइन किंवा विहिरीचं बांधकाम बुडख्याला लागून असेल, तिथेच हे यंत्र खरं कामाचं.

प्रश्न : यंत्र केलं, चालतंही. पण लिव्हर मध्ये आणून चाक थांबवलं की मोटरचं ऑइल सील फुटतं. तीन झाली. (सांगोला)

उत्तर : दोन गोष्टी तपासा. मोटरला ड्रेनचं (आत झिरपलेलं ऑइल बाहेर काढणारं) तोंड असेल तर त्याची नळी परतीच्या पाइपला जोडलेली नाही ना? ती स्वतंत्र, थेट टाकीत गेली पाहिजे. परतीतला दाब सीलपर्यंत पोचतो. दुसरं म्हणजे तुमचा लिव्हरचा व्हॉल्व्ह सिलिंडर चालवण्यासाठीचा असणार. मध्ये आणला की तो मोटरकडची दोन्ही तोंडं बंद करतो, पण वीस-पंचवीस किलोचं चाक थांबत नाही. ते मोटरलाच पंप करून टाकतं. मोटर स्पूलचा व्हॉल्व्ह घ्या (स्पूल म्हणजे त्यातला सरकता दांडा), ज्यात मध्ये आल्यावर दोन्ही बाजू टाकीला उघडतात. चाक हळूहळू थांबेल, तोवर जवळ जायचं नाही.

प्रश्न : कार्बाइडचे दात वेल्ड केले, दोन उडाले. (कुडाळ)

उत्तर : कार्बाइडचं (अतिशय कठीण धातूचं) टोक दाताला ब्रेझिंगने (पितळी डाग देऊन) चिकटवलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने ते सुटतं. २० मिमी प्लेटच्या चाकाला दात १०.९ ग्रेडच्या बोल्टने आवळा, दर तासाला बोल्ट तपासा. दात आळीपाळीने डावीकडे, मध्ये, उजवीकडे. बाजूचे दात प्लेटच्या ६ ते ८ मिमी बाहेर हवेत, नाहीतर प्लेटच लाकडाला घासते. सुरुवातीला कुदळीने बुडख्याभोवतीची माती आणि दगड काढा. चाकावर पत्र्याचं कव्हर, खाली रबरी पट्टा आणि पंधरा मीटरच्या आत कोणी नको.

प्रश्न : अर्ध्या तासात टाकीला हात लावता येत नाही. ऑइल ६८ नंबरचंच आहे. (जिंतूर)

उत्तर : ऑइलचा दोष नाही, तुम्ही घाई करताय. चाक अडलं की सगळं ऑइल रिलीफमधून जातं आणि इंजिनची ताकद थेट उष्णता होते. सीटवरून दिसेल असा २५० बारचा गेज लावा, काटा १२० ते १४० मध्ये ठेवा. चाक बुडख्यावरून एकदा आडवं फिरवताना १० ते १५ मिमीच उतरायचं. चाक आडवं फिरवणाऱ्या सिलिंडरच्या नळीत थ्रॉटल व्हॉल्व्ह (ऑइलचा प्रवाह कमी करणारा) घाला, म्हणजे चाक लाकडात घुसणार नाही. टाकी ८० लिटरपेक्षा लहान असेल तर पंख्याचा ऑइल कूलर लागेलच. ऑइल ६५ अंशांवर गेलं की थांबा.

आणि गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. १५० बारची बारीक चिळकांडी कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली, दुखत नसली तरी लगेच मोठं रुग्णालय गाठा.