कोल्हापुरातील गच्चीवरून टीव्हीच्या पडद्यावर तेजोमेघ थेट पाहता येतील का? त्यासाठी कोणता कॅमेरा घ्यावा?

आपल्याकडे ८ इंची डॉब्सोनियन (साध्या तळावर बसवलेली आरशाची) दुर्बीण आहे, वडिलांना नेत्रिकेपाशी, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापाशी, वाकणे जमत नाही आणि राजारामपुरीतील गच्चीवरून घरच्या सर्वांना पडद्यावर आकाश दाखवण्याची आपली इच्छा आहे, असे आपण लिहिले आहे. हे नक्की शक्य आहे. मात्र कॅमेऱ्याच्या किमती पाहण्यापूर्वी आपली दुर्बीण आकाशाच्या गतीबरोबर स्वतःहून फिरते की नाही याचा विचार करावा, कारण माझ्या मते या छंदात यश मुख्यतः तिथेच ठरते.

चंद्र, गुरू आणि शनी यांच्यासाठी कॅमेरा खरोखरच व्हिडिओ दाखवतो. त्यांचा प्रकाश मुबलक असल्याने सेकंदाला अनेक चौकटी (फ्रेम) घेता येतात आणि हवेच्या हालचालीने थरथरणारी चंद्राची कडाही पडद्यावर दिसते. तेजोमेघ आणि दीर्घिका यांचा प्रकाश इतका क्षीण असतो की तेथे कॅमेऱ्याला प्रत्येक चौकट काही सेकंद उघडी ठेवावी लागते. मग संगणकावरील शार्पकॅप किंवा एएसआयलाइव्ह यांसारखे सॉफ्टवेअर ताऱ्यांच्या आधारे त्या चौकटी एकमेकींवर जुळवून त्यांची सरासरी काढत जाते आणि चित्र आपल्यासमोर हळूहळू स्पष्ट होते. चौकटींच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात त्यातील खरखर (चित्रातील दाणेदारपणा, नॉइज) कमी होत असल्यामुळे ४ सेकंदांच्या १६ चौकटी, म्हणजे साधारण एक मिनिट, झाल्यावर चित्र पहिल्या चौकटीच्या चौपट स्वच्छ होते. पण त्याच्या दुप्पट स्वच्छतेसाठी ६४ चौकटी, म्हणजे सव्वाचार मिनिटे, थांबावे लागते. पाहुणे जमलेले असताना त्यापुढे थांबण्यात फारसा अर्थ नसतो. आजच्या कॅमेऱ्यांतील सीमॉस सेन्सरमध्ये (प्रकाश टिपणाऱ्या चिपमध्ये) चौकट वाचून घेताना होणारी खरखर फारच कमी असते, म्हणूनच अशा लहान लहान चौकटींची बेरीज उपयोगी पडते.

आता आपल्या दुर्बिणीकडे वळू. ८ इंची डॉब्सोनियनचे नाभीय अंतर (फोकल लेंग्थ; ते जितके जास्त तितके चित्र मोठे आणि क्षेत्र लहान) बहुधा १२०० मिमी असते. तिला २.९ मायक्रॉन पिक्सेलचा, सोनी आयएमएक्स४६२ सेन्सर असलेला कॅमेरा लावला, तर एका पिक्सेलमध्ये आकाशाचा सुमारे अर्धा विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) भाग मावतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे खगोलीय विषुववृत्तावरील तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. म्हणजे दुर्बीण स्थिर असेल तर तो एका सेकंदात ३० पिक्सेल ओलांडतो आणि मिनिटाभरात पडद्याबाहेर जातो. अशा दुर्बिणीतून चंद्र, ग्रह आणि जोडतारे उत्तम दाखवता येतील, परंतु ४ सेकंदांच्या चौकटीत प्रत्येक ताऱ्याची रेघ उमटेल. आयएमएक्स५८५ हा मोठा सेन्सर घेतला तरी या नाभीय अंतरावर सुमारे ०.५३ × ०.३० अंशांचेच क्षेत्र मिळते. त्यात पूर्ण चंद्रही मावत नाही आणि मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा केवळ गाभा दिसतो.

त्यामुळे माझा सल्ला असा की डॉब्सोनियन ग्रहांसाठी ठेवावी आणि तेजोमेघांसाठी ४०० मिमीच्या आसपास नाभीय अंतर असलेली लहान अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण आकाशाबरोबर फिरणाऱ्या स्वयंचलित माउंटवर (बैठकीवर) बसवावी. तिच्यासह आयएमएक्स५८५ सुमारे १.६ × ०.९ अंशांचे क्षेत्र दाखवतो. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या साध्या अल्ट-अझिमथ माउंटवर चित्र हळूहळू फिरते, परंतु चौकटी लहान असतील तर सॉफ्टवेअर ते फिरणे सुधारून घेते. एवढी जुळवाजुळव नको असेल तर सीस्टार एस५० सारखी तयार स्मार्ट दुर्बीण पुरेशी आहे, फक्त तिच्याकडून ग्रहांची अपेक्षा ठेवू नये: २५० मिमी नाभीय अंतरामुळे गुरूचे बिंब तिच्यात जेमतेम २० पिक्सेल रुंदीचे उमटते.

सीसीटीव्ही कॅमेरा चालेल का, हेही आपण विचारले आहे. वर उल्लेखलेले दोन्ही सेन्सर सोनीच्या स्टारव्हिस मालिकेतील आहेत आणि ती मालिका मुळात सुरक्षा कॅमेऱ्यांसाठीच घडवलेली आहे, त्यामुळे शंका रास्त आहे. तरीही सर्वसाधारण सीसीटीव्ही काही सेकंदांची चौकट घेऊ देत नाही आणि चित्र दाबून पाठवतो, म्हणून तो येथे निरुपयोगी ठरतो. शीतकरण असलेल्या महागड्या कॅमेऱ्याचीही गरज नाही. दुर्बिणीचे झाकण लावून त्याच कालावधीच्या काही काळ्या चौकटी घेतल्या आणि सॉफ्टवेअरला त्या वजा करायला सांगितल्या, तर एप्रिलच्या उकाड्यातही काम भागते.

शहराच्या उजेडाने उजळलेले आकाश सॉफ्टवेअर बरेचसे वजा करते, त्या उजेडाची खरखर मात्र मागे राहते, म्हणून गगनबावडा किंवा राधानगरीकडे जे एका मिनिटात दिसते त्यासाठी राजारामपुरीत बराच अधिक वेळ लागेल. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचाच प्रकाश सोडणारा द्विपट्टा (ड्युअल-बँड) फिल्टर तेजोमेघांसाठी गच्चीवर फार उपयुक्त आहे. दीर्घिका आणि तारकागुच्छ पाहताना तो काढून ठेवावा, कारण त्यांचा बहुतेक प्रकाश तो अडवतो. दिवाळीनंतर आकाश मोकळे होते, पण त्याच काळात दव पडते आणि उसाचा पाला पेटवल्याचा धूरही येतो, म्हणून भिंगाभोवती गुंडाळायचा हीटर आधीच घेऊन ठेवावा. सुरुवात डिसेंबर-जानेवारीत मृगातील तेजोमेघापासून करावी. रात्रीच्या दृष्टीला तो राखाडी दिसतो, तर कॅमेऱ्यात पहिल्याच काही चौकटींत त्याचा गुलाबी रंग दिसू लागतो. मेच्या मध्यास रात्री साडेदहाच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ दक्षिणेकडे सुमारे २६ अंश उंचीवर असतो. त्या दिशेला इमारत आड येत नाही ना, हे आधी पाहून ठेवावे.

टीव्ही गच्चीवर नेण्याची आवश्यकता नाही. यूएसबी ३ ची साधी केबल साधारण ३ मीटरपर्यंतच भरवशाची असते, म्हणून लॅपटॉप दुर्बिणीजवळ ठेवावा आणि घरातील वाय-फायवरून त्याचा पडदा दिवाणखान्यातील दुसऱ्या संगणकावर उघडून तो एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडावा. वडिलांना जिना चढावा लागणार नाही.