एसएपीत वापर मोजायला काय लावायचं, आणि तीन महिन्यांचा डेटा पुरतो का?

प्रश्नकर्त्याने लिहिलंय की त्यांच्याकडे एसएपीचं (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) जुनं व्हर्जन ईसीसी आहे, नव्या एस/४ हानावर जायचंय, दोनेक हजार झेड प्रोग्रॅम (कंपनीनं स्वतःसाठी लिहून घेतलेले) साठलेत आणि सल्लागाराचं म्हणणं आहे की गेल्या तीन महिन्यांत जे चाललं नाही ते उडवून टाका. तर वापर मोजण्याची सेटिंग कशी करायची आणि तीन महिने पुरे आहेत का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. नाही, पुरे नाहीत. पहिल्याचं खाली येईल, पण त्याआधी हे ‘नाही’ मी एवढं ठासून का म्हणतोय ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

मी बेसिसवाला, म्हणजे एसएपीची तांत्रिक देखभाल करणारा. २०२२ साली चाकणच्या एका ऑटो कंपोनंटच्या कारखान्यात होतो. तुमच्यासारखाच प्रकल्प, तुमच्यासारखाच सल्लागार. साफसफाईची यादी करायची ठरली तेव्हा जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने धरले गेले. तेच का, तर एसटी०३एनमध्ये (वापराचे आकडे दाखवणारा एसएपीचा स्क्रीन) आमच्याकडे मागचे तेवढेच महिने शिल्लक राहत. हे मला माहीत होतं, म्हणून जानेवारीतच मी मेल टाकला होता की डेटा ठेवायची मुदत चौदा महिने करू या, आत्ता केली तर वर्षाअखेरीला हातात काहीतरी असेल. प्रोजेक्ट मॅनेजरचं एका ओळीचं उत्तर आलं: डेटाबेस आधीच भरलाय, गरज वाटली तर बघू. तो मेल अजून माझ्याकडे आहे. (नंतर आम्ही मुदत वाढवली तेव्हा एसडब्ल्यूएनसीमोनी हे टेबल तीन जीबीसुद्धा वाढलं नाही. दीड टीबीच्या डेटाबेसमध्ये तीन जीबी!)

यादी निघाली चारशे बारा प्रोग्रॅमची. एक्सेल सगळ्या विभागप्रमुखांना गेलं, सात दिवसांत हरकत आली नाही तर संमती समजली जाईल असं खाली लिहून. चारशे बारा ओळींचं एक्सेल कोण उघडून बघतं? कोणी हरकत घेतली नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रान्सपोर्ट (बदलांचं गाठोडं) प्रॉडक्शनला, म्हणजे रोजच्या कामाच्या सिस्टिमला, गेला, ‘बावीस टक्के कस्टम कोड कमी’ अशी स्लाइड झाली, टाळ्या झाल्या.

२० ऑक्टोबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी वसुबारस, शनिवारपासून कारखाना दिवाळीला बंद. दुपारी चारला एक्साइजवाले काका माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. एक्साइज २०१७लाच जीएसटीत गेलं, काकांचं नाव काही बदललं नाही. म्हणाले, “अरे, माझा झेडजेडब्ल्यू झिरो फोर कुठं गेला? ट्रान्झॅक्शन डझ नॉट एक्झिस्ट म्हणतोय.”

मी नाव ऐकलं आणि पोटात गोळा आला. जेडब्ल्यू म्हणजे जॉबवर्क.

आमचा माल प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला, फॉस्फेटिंगला भोसरीतल्या छोट्या छोट्या शेडमध्ये जायचा आणि परत यायचा. कुठल्या चलनावर काय गेलं, काय परत आलं, काय काम होऊन आलं, हे सगळं आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये सरकारला कळवावं लागतं. गेलेला कच्चा माल वर्षात परत आला नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो, त्यामुळे हे प्रकरण कुणी हलक्यात घेत नाही. काकांचा प्रोग्रॅम ही सगळी चलनं ओढून फॉर्मच्या साच्यात बसवायचा. एप्रिल ते सप्टेंबरचा फॉर्म भरायची शेवटची तारीख २५ ऑक्टोबर. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ला होतं.

हा फॉर्म आधी दर तीन महिन्यांनी जायचा. ऑक्टोबर २०२१पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना तो सहामाही झाला, त्याखालच्यांना वार्षिक. म्हणजे एक वर्ष आधी हीच तीन महिन्यांची चाळणी लावली असती तर जुलैत काकांचा प्रोग्रॅम चाललेला दिसला असता आणि तो वाचला असता. सरकारनं फॉर्म सुटसुटीत केला आणि आमच्या चाळणीतून प्रोग्रॅम गळला. काका तो एप्रिलमध्ये चालवायचे आणि ऑक्टोबरमध्ये. मधले पाच-सहा महिने शून्य. त्या शून्याचा अर्थ एवढाच की तारीख अजून आलेली नाही.

प्रोग्रॅम परत आणायला फार वेळ लागला नाही. डेव्हलपमेंट सिस्टिममध्ये त्याच नावाचा रिकामा प्रोग्रॅम तयार केला, व्हर्जन मॅनेजमेंटमधून जुना कोड उचलला, काकांच्या परवानग्यांत (रोलमध्ये) ट्रान्झॅक्शन, म्हणजे प्रोग्रॅम उघडायचा कोड, पुन्हा घातलं. रात्री आठपर्यंत चालू. पडद्यावर चलनं आली, पण ‘कामाचा प्रकार’ हा रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा.

कारण त्याच पॅकेजमधलं एक झेड टेबलही उडवलं होतं. कुठला जॉबवर्कर कुठल्या पार्टवर कुठलं काम करतो, अशा सहाशेच्या आसपास ओळी, काकांनी वर्षानुवर्षं एकेक करून भरलेल्या. कोड परत येतो, डिलीट केलेल्या टेबलातला डेटा येत नाही. ट्रान्सपोर्ट क्वालिटीतून (चाचणीच्या सिस्टिममधून) पुढे गेलेला, त्यामुळे तिथलंही टेबल गेलं होतं. नशीब म्हणून एस/४च्या चाचणीसाठी फेब्रुवारीत प्रॉडक्शनची कॉपी काढून केलेला सँडबॉक्स होता, त्याला कुणी हात लावला नव्हता. त्यातल्या ओळी उतरवल्या. फेब्रुवारीनंतरच्या चाळीसेक काकांनी शुक्रवारी गेटवरचं इनवर्ड रजिस्टर समोर घेऊन हातानं भरल्या, चष्मा कपाळावर आणि बोट रजिस्टरवर. शनिवारी, धनत्रयोदशीला, संध्याकाळी सहाला पोर्टलवर फाइल चढली.

हे टेबल ‘न वापरलेलं’ का ठरलं, ते तुमच्या कामाचं आहे. काका ते एसएम३०मधून (टेबलं भरायचा सामायिक स्क्रीन) भरायचे. एसटी०३एनमध्ये नोंद होते ती एसएम३०ची, आत कुठलं टेबल उघडलं ते तिथे येत नाही. तीच गत एका रिपोर्टच्या पोटातून दुसरा रिपोर्ट चालतो त्याची, फंक्शन मॉड्यूलची, क्लासची (दोन्ही इतर प्रोग्रॅम बोलावतात असे कोडचे तुकडे). एसटी०३एन दार कुणी उघडलं ते सांगतं, आत कोण कुठल्या खोलीत गेलं ते नाही. त्यावर बसून डिलीटची यादी करणं हा शुद्ध आळस आहे, आणि त्याला ‘डेटा-ड्रिव्हन’ म्हणणं हा वर पुन्हा निर्लज्जपणा.

दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले की युजरनं वेळेत सांगायला हवं होतं. काकांना स्वतःचा मेल आयडीसुद्धा नव्हता, स्टोअरचा सामायिक होता. मी तिथे काही बोललो नाही. आज बोलतोय असं समजा.

आता सेटिंग.

पहिलं काम आजच्या आज: एसटी०३एन, एक्स्पर्ट मोड, कलेक्टरच्या फांदीखाली डेटा किती काळ ठेवायचा ते दिवस, आठवडे, महिने असं वेगवेगळं देता येतं. महिन्यांचा आकडा निदान चौदा करा. बाराच का नाही, तर मार्चअखेरची कामं एप्रिल-मेपर्यंत रेंगाळतात आणि एखाद्या वर्षी मुदतवाढ मिळते. दिवसांचा आकडा वाढवू नका, जागा तोच खातो.

दुसरं, एससीमॉन लावा. झेड कोडसाठी खरं हत्यार ते आहे. प्रोग्रॅम, फंक्शन मॉड्यूल, मेथड या पातळीवर काय चाललं आणि कुठल्या ट्रान्झॅक्शनमधून बोलावलं गेलं, दोन्ही मिळतं. पण कच्ची नोंद त्यात कायम राहत नाही, म्हणून वर एसयूएसजी लावून ती रोज गोळा करत राहायचं. जुन्या रिलीजवर आधी नोट्स (एसएपीच्या दुरुस्त्या) लावाव्या लागतील, त्या तुमचा बेसिसवाला बघेल. एसयूएसजीचा स्नॅपशॉट पुढे एस/४च्या कस्टम कोड मायग्रेशन ॲपला देता येतो, ते न वापरलेला कोड वेगळा काढून डिलीटचा ट्रान्सपोर्टसुद्धा बनवून देतं. तो ट्रान्सपोर्ट डोळे मिटून सोडू नका, एवढंच. टेबलांची यादी यात धरू नका, ती वेगळी करावी लागते: ओळी किती, शेवटचा बदल कधी, कोणाच्या हातचा.

तिसरं, सल्लागार एखादा चकचकीत डॅशबोर्ड विकायला आला तर विचारा की डेटा कुठून घेणार. बहुतेक वेळा याच दोन ठिकाणांहून.

आणखी एक, न विचारता सांगतो. एसटी०३एनमध्ये युजरप्रमाणे आकडे असतात, आणि कधी ना कधी एचआरमधून कुणीतरी ‘कोण किती काम करतं’ ते मागायला येतं. देऊ नका. एका स्क्रीनवर तासभर बसून पंचवीस चलनं जुळवणारा माणूस त्या आकड्यांत बिनकामाचा दिसतो. एस_टूल्स_ईएक्स हे ऑथरायझेशन कुणाकुणाला दिलंय ते तपासा, ते नसलं की दुसऱ्यांची नावं दिसत नाहीत. जर्मनीत अशा तांत्रिक देखरेखीला वर्क्स कौन्सिलची मान्यता लागते, उगीच नाही.

यादी निघाली की एक्सेल पाठवू नका. प्रिंट काढून स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्समध्ये जाऊन बसा. विभागप्रमुखाकडे नको, जो माणूस स्वतः बटण दाबतो त्याच्याकडे. आणि लगेच डिलीट न करता आधी ट्रान्झॅक्शन लॉक करून वर्षभर ठेवा. कुणी ओरडलं तर दोन मिनिटांत उघडता येतं.

वरचं सगळं वाचून वाटेल की माझा चौदा महिन्यांचा मेल मान्य झाला असता तर काका वाचले असते. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. पुढच्या वर्षी जुनी तिकिटं चाळताना दिसलं की २०२२च्या एप्रिलमध्ये ऑडिटरच्या सांगण्यावरून मी डीडीआयसी हा एसएपीचा अंगभूत युजर लॉक केला होता. एसएपी_कलेक्टर_फॉर_परफमॉनिटर हा तासातासाला चालून वापराचे आकडे गोळा करणारा जॉब आमच्याकडे त्याच्याच नावावर होता. ११ एप्रिलपासून तो पडत होता आणि मला कळलं २८ला. सर्व्हरवरच्या कच्च्या आकड्यांच्या फाइली तासाला एक अशा बनतात आणि डीफॉल्टला अठ्ठेचाळीसच राहतात, म्हणजे दोन दिवसांत उचलल्या नाहीत तर गेल्या. काकांनी त्या वेळचा फॉर्म भरला होता १९ ते २१ एप्रिलच्या दरम्यान. म्हणजे माझे चौदा महिने असते तरी तिथे शून्यच आलं असतं. हे मी त्या प्रोजेक्ट मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा डीडीआयसी लॉक करण्याआधी एसएम३७मध्ये (जॉबची यादी) त्याच्या नावावर काय काय चालतं ते बघून घ्या, ते जॉब दुसऱ्या सिस्टिम युजरवर हलवा, आणि दर सोमवारी एकदा कलेक्टर खरंच चालतोय ना, ते स्वतः बघा.