८५ हजारांचा टँक घेतला तरी हे चार मासे एकत्र नांदणार नाहीत

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी. गोव्यात फोंड्याला दुसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट, हातात ४६ हजार येतात, ३८ खर्च होतात, आणि शिल्लक म्हणजे एकच दीड लाखाची एफडी. घरात ४ बाय दीड बाय दीड फुटाचा टँक, त्यात दोन ऑस्कर, एक जॅग्वार सिक्लिड आणि एक फ्लॉवरहॉर्न. आता फ्लॉवरहॉर्नने एका ऑस्करची शेपटी फाडली म्हणून दुकानदाराने ६ बाय २ बाय २ चा टँक, संप (पाणी गाळायची खालची टाकी), स्टँड सगळं धरून ८५ हजारांचं कोटेशन दिलंय. आणि तुम्ही विचारताय की एफडी मोडू की क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय घेऊ.

दोन्ही नको. निदान या चार माशांसाठी तरी नको.

कारण आधी माशांचं आहे, पैशाचं नंतर. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने संकर करून बनवलेला मासा, आपल्या हद्दीत दुसरं कोण आलेलं त्याला खपत नाही, त्याला एकट्यानेच ठेवायचं असतं. जॅग्वार मध्य अमेरिकेतला, टँकमध्ये १४-१५ इंच होतो आणि मोठा झाला की सरळ शिकारी. त्यांच्यामानाने ऑस्कर भांडखोर कमी, पण तोही फूटभर होतो, घाण भरपूर करतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षं सहज जगतो. आज हे चौघं चार-पाच इंचांचे आहेत म्हणून प्रकरण शेपटीवर भागलं. ६ फुटी टँकमध्ये जागा वाढेल, स्वभाव बदलणार नाही, म्हणजे ८५ हजार घालून तुम्ही भांडण फार तर वर्षभर पुढे ढकलाल.

आता हिशोब बघा. ईएमआय घेतला तर महिन्याला साधारण ७,१०० जातात, तुमची बचत ८ हजार, उरले ९००. त्यात चवथीचा बाजार आला, पोराची फी आली, की कार्डाचं पूर्ण बिल भरता येत नाही आणि उरलेल्या रकमेवर वर्षाला ३६ ते ४२ टक्क्यांनी व्याज सुरू होतं. शिवाय नो कॉस्ट म्हणतात तेव्हासुद्धा व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी तुमच्याच खिशातून जाते. एफडी मोडली तर दंड तसा किरकोळ, बहुतेक बँकांत अर्धा-एक टक्का, पण मग हाताशी ६५ हजार राहतात, म्हणजे पावणेदोन महिन्यांचासुद्धा खर्च नाही. आत्ताच तुमच्याकडे चार महिन्यांचा आहे, मी सहा सांगतो.

आणि ८५ हजारांत विषय संपत नाही. ६ फुटी टँक म्हणजे ६८० लिटर, दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदललं तर २०० लिटर, क्लोरीन काढून. संपची मोटर साधारण ६० वॅटची धरली तर दिवसरात्र चालून महिन्याला ४३ युनिट, लाइट वेगळी, आणि जूनमध्ये लाइट जायला लागली की एअरपंपासाठी इन्व्हर्टर आलाच. हीटरचे पैसे मात्र गोव्यात वाचतात. तुम्ही सुंगटं (कोळंबी) कापून घालता म्हणून लिहिलंय, ते १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत परवडतं का बघा, आमच्याकडे तर त्या दिवसांत माणसांनाच परवडत नाहीत! रोजचं खाणं पेलेट, म्हणजे तयार दाणेच ठेवा.

वजनाचं कोणीच बोलत नाही. पाणी, काच, खडी, स्टँड मिळून ९०० किलोच्या आसपास, तेही १२ चौरस फुटांवर. घराच्या स्लॅबचं डिझाइन साधारण चौरस मीटरला २०० किलो चालत्या भाराचं (माणसं, सामान) असतं, इथे ते ८०० च्या घरात जातंय. लगेच स्लॅब कोसळेल असं नाही, भार पसरतो, बीमवर भिंतीलगत ठेवला तर फरक पडतो, पण इंजिनियरला न विचारता आणि घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाड्याच्या घरात हा टँक मी ठेवणार नाही. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट संपून घर बदलावं लागलं तर तो उचलायला माणसं लागतील आणि विकायला गेलात तर अर्धेही हाती येणार नाहीत.

मग करायचं काय? पोराचा जीव फ्लॉवरहॉर्नवर आहे असं तुम्हीच लिहिलंय. त्याला आहे त्याच टँकमध्ये एकटा ठेवा, २५५ लिटर त्याला पुरतात. जॅग्वार दुकानदाराला परत करा, फुकट घेतला तरी द्या. तळ्यात किंवा नदीत मात्र कोणताच मासा सोडू नका, तिथले देशी मासे खाऊन टाकतील. ऑस्करची जोडी एखाद्या मोठा टँक असलेल्या हौशी माणसाकडे जाऊ दे, त्याच्या टँकमध्ये सिल्व्हर डॉलर किंवा मोठा प्लेको असे मासे असतील तर त्यांच्यात ती जुळून जाते. तोवर टँकमध्ये जाड पार्टिशन टाका.

ऑस्कर सोडवतच नसतील तर दोघांसाठी ५ बाय २ बाय २ चं कोटेशन घ्या, तेही साडेपाचशे लिटर होतात, म्हणजे इंजिनियर आणि घरमालकाला विचारणं इथेही टळत नाही. मग महिन्याला ४ हजारांची वेगळी आरडी काढा, वर्षात ४८ जमतात, एफडीला हात लागत नाही. ती एफडी कधी मॅच्युअर होते आणि ऑटो रिन्यूअलवर आहे का, ते कळवा.