शेतीचं अवजार तयार केलंय, पेटंटसाठी कोणता वकील गाठू?

साधा वकील नको, नोंदणीकृत पेटंट एजंट शोधा. कायद्यानुसार एजंटकडे विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा पास व्हावी लागते. त्यांची यादी कार्यालयाच्या वेबसाइटवर आहे, तिथे नाव पडताळून बघा. तुमचं अवजार आहे म्हणजे मेकॅनिकलवाला हवा. औषधांच्या पेटंटमध्ये मुरलेला माणूस इथे फारसा कामाचा नाही.

खरा कस लागतो तो दाव्यांत, म्हणजे क्लेम्समध्ये. संरक्षण नेमकं कशाला मिळणार हे त्या ओळी ठरवतात. म्हणून पहिल्या भेटीत त्यांनी लिहिलेलं, प्रसिद्ध झालेलं एखादं पेटंट मागून वाचा. 'पेटंट नक्की मिळवून देतो' म्हणणाऱ्याकडे तर अजिबात जाऊ नका.

आणि कृपा करून, अर्ज करण्याआधी अवजार कृषी प्रदर्शनात मांडू नका, व्हिडिओही टाकू नका! नावीन्यच जातं, मग पेटंट मिळणं अवघड होतं. घाई असेल तर आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज करा, पूर्ण तपशिलाला 12 महिने मिळतात. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाची मूळ सरकारी फी 1,600 रुपये आहे. तपासणीची फी आणि एजंटचे पैसे वेगळे, ते आधीच लेखी ठरवून घ्या.