देव दूर गेलाय की झोप?

"ताई, प्रार्थना करतो, पण भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. देवाशी माझं नातं तुटलंय का?"

शब्द थोडेफार बदलतात, प्रश्न हाच असतो. कुणी म्हणतं, बायबलचं वचन वाचते पण डोक्यात शिरत नाही. कुणी म्हणतं, उपासनेत शेजारची बाई रडते आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. मी समुपदेशक. नाशिकमधल्या ख्रिस्ती घरांतून माझ्याकडे येणारे बरेच जण येतात ते नवराबायकोच्या कुरबुरी नाहीतर मुलांचा अभ्यास घेऊन, आणि हा प्रश्न अगदी शेवटी, चपला पायात सरकवताना विचारतात. हा भाऊ मात्र बसल्याबसल्या तेच बोलला. त्याची परवानगी घेऊन लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या आसपास, अंबडच्या एमआयडीसीत सीएनसी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथ मशीनवर कामाला. पाळी दर आठवड्याला बदलते: फर्स्ट, सेकंड, नाईट. घराणं मूळ शरणपूरचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकबाहेर वसवलेली ही ख्रिस्ती वस्ती आता शहराच्या पोटात गेली. नव्या लोकांना शरणपूर म्हटलं की फक्त रस्ता आठवतो, पण जुन्या घरांत तिथली शिस्त अजून टिकून आहे. याच्या घरी ती शिस्त म्हणजे पहाटे पाच. वडील पाचला उठवायचे, एक गीत, एक अध्याय, गुडघे टेकून प्रार्थना, मग चहा. वडील गेले तरी गजर पाचचाच राहिला.

आता हिशेब बघा. सेकंड शिफ्ट रात्री बाराला सुटते. घरी येऊन, जेवून आडवं व्हायला दीड वाजतो आणि पाचला गजर. नाईटच्या आठवड्यात पाचला तो मशीनवर असतो, म्हणून सुपरवायझरची नजर चुकवून वॉशरूममध्ये जाऊन पाच मिनिटं प्रार्थना करायची. घरी असला की गुडघे टेकायचे आणि तिथेच डोळा लागायचा. जाग आली की अपराधी वाटायचं. त्याची भरपाई म्हणून शुक्रवारचा उपास धरला. तोही रिकाम्या पोटी लेथसमोर आठ तास उभं राहून!

त्यात मोबाइल होताच. कंपनीच्या बसमध्ये तो कुठल्या कुठल्या प्रचारकांचे व्हिडिओ ऐकायचा. एकाच्या मते पहाट चुकली की दिवस चुकला, दुसऱ्याच्या मते अश्रू आले नाहीत तर प्रार्थना पोचलीच नाही. प्रार्थनेच्या ग्रुपवर एका बंधूंनी निदान केलं की एखादं गुप्त पाप असणार. याने वही काढली आणि कॉलेजपासूनची पापं लिहून काढली. तीच ती पुन्हा पुन्हा कबूल केली, तरी मन हलकं होईना. शेवटी प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, घेणं थांबवलं. प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसायचा आणि वेळ आली की गाडी नीट लागलीय का बघायला बाहेर पडायचा. असे सात-आठ महिने.

मी पहिला प्रश्न झोपेचा विचारला. तो जरा चिडलाच. "मी आत्म्याचं विचारतोय आणि तुम्ही झोपेचं?"

मी पवित्र शास्त्रच उघडलं. 1 राजे, अध्याय 19. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया राणी ईजबेलीच्या धमकीने पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. देवाने काय केलं? उपदेश केला नाही. पापांची यादी मागितली नाही. एलीया झोपला, दूताने त्याला हात लावून उठवलं, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलेलं. खाऊन तो पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवून खायला लावलं, कारण पुढची वाट लांबची होती. होरेब डोंगर, तिथली मंद वाणी, "एलीया, तू येथे काय करत आहेस?" हा प्रश्न, हे सगळं नंतरचं. दोन झोपा आणि दोन जेवणं आधी. हा अध्याय त्याने कितीतरी वेळा वाचला होता. संडे स्कूलमध्ये शिकवलाही होता. पण भाकर खाऊन एलीया पुन्हा झोपला, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

झोपेचं विचारण्यामागे माझं दुसरंही कारण असतं. गोडी फक्त प्रार्थनेतली गेली आहे की सगळ्यातलीच, हे मला बघायचं असतं. जेवण, मुलं, गाणी, मॅच, मित्र, कशातच रस नाही, रोज उदास वाटतंय, झोप-भूक बिघडली आहे आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला डॉक्टर लागतो. "विश्वास वाढव" असं त्या माणसाला सांगणं म्हणजे क्रूरपणा आहे, आणि मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, भली माणसं तो बऱ्याचदा करतात. मरणाचे विचार येत असतील तर थांबायचंच नाही. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि मराठीत बोलता येतं. याला मुलीच्या कबड्डीत रस होता, गंगापूर धरणावर मासे धरायला जायची हौस शाबूत होती. तेव्हा तो धोका दिसला नाही. तरी मी डॉक्टरांकडून एकदा रक्त तपासून घ्यायला सांगितलं. कबुलीची ती वही मात्र मी लक्षात ठेवली. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा कबूल करूनही क्षमा मिळाल्यासारखं वाटतच नाही, हे कधी कधी मंत्रचळाच्या (ओसीडी) आजाराचंही लक्षण असतं.

दुसऱ्या भेटीला बायकोही आली. ती शाळेत शिक्षिका, बोलायला मोकळी. मी विचारलं, घरी कसं काय? ती म्हणाली, "देवाशी बोलतात की नाही ते देव जाणे, आमच्याशी बोलत नाहीत. पाचला गजर वाजतो, घर उठतं आणि हे गुडघ्यावर झोपतात." तो खाली बघत बसला. मग मी सहज विचारलं, "लहानपणी पाचला तुम्हाला कसं उठवायचे?"

"बाबा पायाचा अंगठा ओढायचे," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ बोलू शकला नाही.

वडील 2021 मध्ये कोविडने गेले. दफनाला मोजकी चारपाच माणसं होती. पाळकसाहेबांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) लांब उभं राहून प्रार्थना केली. याला मोठ्याने एक शब्द बोलता आला नाही, रडूही आलं नाही. लगेच कंपनी सुरू झाली, आईचं बघायचं होतं, धाकट्या बहिणीचं लग्न होतं. रडायचं राहून गेलं. पाचचा गजर तेवढा त्याने सोडला नाही.

इथे मला गाठ सापडली असं वाटलं. पहाटे पाचला तो ज्याची वाट बघत होता ते सगळंच देवाशी निगडित नव्हतं. त्यातला मोठा भाग बाबांचा होता. त्या खोलीत बाबांचा आवाज नव्हता, आणि ती शांतता याने देवाच्या खात्यावर मांडली. असं म्हणणं काहींना अविश्वासाचं वाटेल. मला तसं वाटत नाही. दुःख दुःखाच्या जागी ठेवलं की मग देवाशी काय बोलायचं ते तरी कळतं.

मग मी त्याला स्तोत्र 13 वाचायला दिलं. "कोठवर" असं देवाला तोंडावर विचारणारं. आणि स्तोत्र 88, ज्याचा शेवट सरळ अंधारात होतो, समाधानाची एकही ओळ नाही. ही शास्त्रातली प्रार्थनाच आहे, मंडळीने ती हजारो वर्षं जपली आहे. त्याला वाटत होतं की प्रार्थनेत तक्रार चालत नाही. पुढच्या वेळी आला तेव्हा म्हणाला, "ताई, मी देवावर ओरडलो. बाइकवर. गरवारे पॉइंटच्या सिग्नलला. हेल्मेट होतं म्हणून बरं." कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आपलं कुणीतरी ऐकतंय असं वाटलं, असंही तो म्हणाला. मी जास्त काही बोलले नाही.

पाचचा गजर बंद करायला सांगितला तेव्हा खरी परीक्षा झाली. दोन महिन्यांपुरताच, असं ठरवूनही त्याला धास्ती वाटली. ज्या आठवड्याला जी पाळी, त्याप्रमाणे सहा-सात तास झोप आधी धरायची आणि उरलेल्या वेळात प्रार्थना कुठे बसते ते बघायचं, एवढंच ठरलं. शुक्रवारचा उपास बंद, बसमधले व्हिडिओ बंद. "निरंतर प्रार्थना करा" असं प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलं. त्या मंडळीत हातावर पोट असलेली माणसं होती, स्वतः पौल तंबू शिवून पोट भरायचा. निरंतर म्हणजे गुडघ्यावर असा अर्थ त्यांनी घेतला असता तर तंबू शिवले कोणी असते? सतराव्या शतकात पॅरिसमध्ये कार्मेलाइट नावाच्या संन्यासी संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे स्वयंपाकघरात राबणारे एक साधे बंधू होते. भांड्यांच्या गडबडीत आणि चॅपेलमध्ये आपल्याला देव सारखाच जवळ असतो, असं ते सांगत. पण तिथवर पोचायला त्यांची कित्येक वर्षं झगड्यात गेली, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत.



पद्धत त्यानेच शोधली. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकमध्ये (मशीनच्या पकडीत) बसवायचा, दार लावायचं, सायकल स्टार्ट. मग काही मिनिटं मशीन चालतं, तेवढ्यात एका माणसाचं नाव देवापुढे ठेवायचं. डोळे उघडे, हात मोकळे. हे मी दोनदा बजावलं, कारण मशीनसमोर डोळे मिटणं धोक्याचं आहे. जॉब निघाला, मायक्रोमीटरने माप घेतलं की पुढचं नाव. आई, मुलगी, ऑपरेटर मित्र, अगदी तो सुपरवायझरसुद्धा. ऑडिटच्या आठवड्यात सगळं विसरला. मला येऊन सांगताना पुन्हा जुना अपराधी चेहरा. मी म्हटलं, एखादा जॉब रिजेक्ट झाला की तुम्ही काय करता? कारण बघता आणि पुढचा जॉब लावता. तो हसला.

दुसरी अडचण शब्दांची होती. व्हिडिओ ऐकून त्याच्या मनात बसलं होतं की छापील प्रार्थना खोटी, मनातून उसळली तरच खरी. गंमत म्हणजे त्याची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, प्रार्थनापुस्तक पिढ्यान्‌पिढ्या घरात. मी त्याला शरणपूरचीच एक गोष्ट सांगितली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथल्या मिशनमध्ये शिकायला असत. त्यांतला एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये मध्य आफ्रिकेत प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथेच पुरलं आणि या जेकबने त्या वेळी दफनविधीच्या प्रार्थना वाचल्या. मृतदेहाबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला. 1874 च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं तेव्हाही हजर होता. परक्या रानात, मृत्यूसमोर, त्या तरुणाने नवे शब्द शोधले नाहीत. शिकलेले वाचले. ती प्रार्थना खोटी म्हणायची हिंमत माझ्यात नाही.

हे ऐकून त्याने एक गोष्ट केली जी मी सुचवलीही नव्हती. वडिलांच्या कबरीवर गेला, बरोबर बायको आणि आई. प्रार्थनापुस्तकातून दफनविधीच्या प्रार्थना पुन्हा वाचल्या, या वेळी मोठ्याने. आई मध्येच गाऊ लागली. तो रडला, भरपूर.

प्रभुभोजनाचा प्रश्न मी माझ्याकडे ठेवला नाही. तो पाळकांचा अधिकार. तरी एवढं सांगितलं की 1 करिंथ 11 मधला, म्हणजे पौलाच्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातला, अयोग्य रीतीने प्रभुभोजन घेण्याबद्दलचा इशारा ज्या मंडळीला लिहिला आहे तिथे काही लोक पुढे होऊन खात होते आणि गरीब उपाशी राहत होते. थकलेल्या, भावना आटलेल्या माणसाला ताटापासून हाकलण्यासाठी तो लिहिलेला नाही. पाळकसाहेबांनी त्याला घरी बोलावलं, ती वही मागून घेतली, त्याच्यासमोर क्षमेचं वचन उच्चारलं आणि वही परत दिली नाही. समुपदेशकाला जे जमत नाही ते असं असतं.

"पण ताई, आधीसारखं वाटत नाही अजून," असं तो अधूनमधून म्हणतो. वाटेलच असं मी कधी म्हटलं नाही. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये छापून आली तेव्हा जगाला कळलं की त्यांनी आयुष्याचा बराच मोठा काळ देवाची जवळीक न जाणवता काढला, आणि त्याच काळात कोलकात्याच्या रस्त्यांवरचं काम चालू होतं. कोरड्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये, असा जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा सल्ला आहे. मी तो जवळजवळ सगळ्यांना सांगते. मंडळी सोडायची, प्रार्थना सोडायची, नोकरी सोडून सेवेत उतरायचं, हे निर्णय त्या काळात घ्यायचे नाहीत. स्वतःचा आवाज फुटत नसेल तर रविवारी जाऊन नुसतं उभं राहावं. बाकीचे गातात. त्यासाठीच तर मंडळी असते.

आता तो फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पहाटे प्रार्थना करतो, सेकंडला दुपारी निघण्याआधी, नाईटला मशीनवर. चिडचिड पूर्ण गेलेली नाही, नाईटच्या चौथ्या दिवशी घरचे त्याच्या वाटेला जात नाहीत. परवा फोन आला. मुलगी आता तेरा वर्षांची झाली, तिला बाबांसारखं पाचला उठवायला सुरुवात करू का, असं विचारत होता. मी म्हटलं, तिलाच विचारा.

तिने उत्तर दिलं, "पाचला नाही. रात्री नऊला चालेल, तुम्ही घरी असाल तेव्हा. आणि गाणी मी निवडणार."