मिसिंग नेमकं कितव्या सिलिंडरचं?

प्रश्न : आमची गाडी जुनी आहे. चार सिलिंडर, एकच कार्बोरेटर, पॉइंटवालं डिस्ट्रिब्युटर. वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायची नाही. गार असताना छान चालते. दहा-पंधरा मिनिटांनी गरम झाली की उभ्या गाडीत थरथर सुरू होते आणि सायलेन्सरमधून मधूनच फट् असा आवाज येतो. वेग घेतला की त्रास जवळजवळ नाहीसा होतो. वर्षभरात प्लग दोनदा बदलले, केबल बदलल्या, कार्बोरेटर खोलून साफ केला. आता मेकॅनिक म्हणतात, कार्बोरेटरच नवा बसवा. बसवू का?

उत्तर : नका बसवू, निदान इतक्यात तरी नको. काय काय बदललं ते तुम्ही सगळं नीट लिहिलंय, पण मिसिंग, म्हणजे मधूनच पेट्रोल न पेटणं, कितव्या सिलिंडरचं आहे हे पत्रात कुठेच नाही. ते आधी शोधायला हवं होतं. तुमचा एकच कार्बोरेटर चारही सिलिंडरना पेट्रोल पुरवतो. तो बिघडला तर त्रास चौघांनाही व्हायला हवा. एकच सिलिंडर सुटत असेल तर कार्बोरेटरवर संशय घ्यायला फारशी जागा उरत नाही.

सिलिंडर शोधायला अर्धा तास पुरतो. इंजिन पुरतं गरम करून बंद करा. पहिल्या प्लगची केबल काढा, तिच्या टोकाला एक जादा प्लग अडकवा आणि तो प्लग इंजिनच्या धातूला घट्ट टेकेल असा तारेने बांधा, कार्बोरेटरपासून लांब. असं केलं नाही तर ठिणगीला वाट मिळत नाही आणि ताण कॉइलवर, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागावर, येतो. आता इंजिन चालू करून ऐका. आवाज खाली पडला, थरथर वाढली, तर तो सिलिंडर काम करत होता. बंद करा, केबल जागेवर लावा, पुढचा घ्या. ज्याची केबल काढूनही इंजिनला काही फरक पडत नाही, तो तुमचा सिलिंडर. चालू इंजिनवर केबल ओढायची सवय पुष्कळांना असते. ती मोडा, झटका जबर बसतो.

मग त्या सिलिंडरचा प्लग काढून बाकीच्या तिघांशेजारी ठेवा. फिकट तपकिरी टोक म्हणजे तब्येत चांगली. पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल वर येतंय. कोरडी काळी काजळी चारही प्लगांवर सारखी दिसली, तरच मी कार्बोरेटरकडे वळेन.

तुम्ही दिलेली लक्षणं वाचून माझ्या मनात दोन संशयित आहेत. पहिला, हवेची गळती. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट किंवा ब्रेक बूस्टरचा रबरी पाइप चिरला की जादा हवा आत शिरते. गार असताना चोकमुळे मिश्रणात पेट्रोल भरपूर असतं, म्हणून गळती लपते. चोक उघडला की स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालणाऱ्या इंजिनवर, ती उघडी पडते. इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून चिमटीत दाबा आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. क्षणभर जरी इंजिनची चाल बदलली, तरी गळती तिथेच. पेट्रोल किंवा क्लीनर फवारून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. खाली एक्झॉस्ट तापलेला असतो, भडका उडायला वेळ लागत नाही.

दुसरा संशय मला जास्त खरा वाटतो : एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं टॅपेट घट्ट झालंय. व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी थोडी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर दांडा लांबतो. वर्षानुवर्षं चालून व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये खोल बसत जातो आणि ही फट कमी होत जाते. गार असताना थोडीफार उरते. गरम झालं की संपते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब तिथून निसटतो. वेगात निसटायला वेळच कमी मिळतो, म्हणून गाडी सुधारल्यासारखी वाटते. याकडे दुर्लक्ष करू नका असं मी कळकळीने सांगते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकून तिच्याकडे देतो. टेकलाच नाही तर त्याची कड जळते. आज फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि पाना घेऊन होणारं काम मग हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग, उतरवण्यावर जातं.

हे मी इतकं लांबण लावून लिहितेय, कारण शिकत होते तेव्हा अशाच लक्षणांच्या एका गाडीचा कार्बोरेटर मी तीनदा खोलला होता. तिन्ही वेळा तो स्वच्छ होता. शेवटी आमच्या उस्तादांनी सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची एक पट्टी धरली. पट्टी बाहेर फडफडत होती आणि मधूनच आत ओढली जात होती. त्यांनी एवढंच विचारलं, "बाहेर जाणारी हवा आत का येतेय?" हेड उतरवलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड चंद्रकोरीसारखी खाल्लेली निघाली. मी पहिल्याच दिवशी टॅपेट तपासलं असतं तर तो व्हॉल्व्ह वाचला असता. ती चूक मी विसरलेले नाही.

तुम्हीही पट्टी धरून बघा, पण निकाल सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन गेजवरच लावा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशनची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, अशा स्थितीत काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा. आकडा किती हवा ते गाडीच्या पुस्तकात असतं. चौघांत फरक किती आहे तो मात्र तुम्ही बघा. १५०, १४८, ९०, १५२ असं आलं तर तिसऱ्यात गोम आहे. त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब बराच चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले असतील तर मधलं गॅस्केट गेलंय असं समजा.

टॅपेटची फट पुस्तकाप्रमाणे लावा. ती गार इंजिनवर मोजायची की गरम, हेही तिथेच दिलेलं असतं. एका ओळीत आठ व्हॉल्व्ह असलेल्या चार सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांना 'नऊचा नियम' लागू पडतो : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिला लावायचा, सहावा दाबला की तिसरा. बेरीज नऊ. नंतर पुन्हा दाब मोजा. वर आला तर तुम्ही वेळेत पोचलात. नाही आला तर हेड उतरवावं लागेल आणि तेव्हाही कार्बोरेटर जुनाच चालेल.

प्रश्न : सपाट रस्त्यावर गाडी ठीक असते. चढावर वरच्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की झटके मारते. दमट हवेत जास्त. पेट्रोलमध्ये कचरा असेल का?

उत्तर : झटका पाय दाबल्याक्षणी येतो, की मिनिट-दोन मिनिटं चढल्यावर गाडीचा जीव जातो? दुसरं असेल तर फिल्टर आणि पेट्रोल पंप बघा. पण दमट हवेचा उल्लेख तुम्ही केलाय, म्हणून मी ठिणगीकडे बोट दाखवेन. इंजिनवर भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि प्लगच्या फटीतून उडी मारायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. तेवढ्यात बाहेर एखादी सोपी वाट सापडली की ती तिकडे पळते. रात्री, पूर्ण अंधारात, मोकळ्या जागी बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि केबलवर पाण्याचा हलका फवारा मारा, हात लांब ठेवून. निळ्या रेघा लुकलुकताना दिसल्या तर चोर सापडला. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून बघा. दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर पुसत बसू नका, कॅप बदला, सोबत रोटरही. प्लग झिजला की फट वाढते. पॉइंटच्या जुन्या गाड्यांत ती साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. वाढलेली फट आणि दमलेली केबल एकत्र आल्या की चढावर झटके ठरलेलेच.

प्रश्न : प्लग मी घरीच बदलले आणि त्यानंतरच मिसिंग सुरू झालं. प्लगच खराब निघाले का?

उत्तर : नवा प्लग खराब निघू शकतो, पण केबलींची अदलाबदल त्याहून कितीतरी जास्त वेळा होते. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांचा क्रम १-३-४-२ असतो. कॅपवर रोटर कुठल्या दिशेने फिरतो ते बघून त्याच दिशेने केबली मोजा. क्रम बरोबर असेल तर प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर केसाएवढी चीर आहे का ते तपासा. पाना तिरका बसला की ती पडते.

प्रश्न : माझी गाडी इंजेक्शनची आहे, पण तीही आता जुनीच. मिसिंग होताना इंजिनचा दिवा लुकलुकतो, नंतर नुसता पेटून राहतो. तशीच चालवली तर चालेल का?

उत्तर : दिवा लुकलुकत असताना नाही. पाय उचला, सुरक्षित जागी थांबा. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. नुसता पेटलेला दिवा म्हणजे दोषाची नोंद झाली आहे. ती स्कॅनरवर वाचून घ्या. पी०३०२ आला तर दुसरा सिलिंडर, पी०३०४ आला तर चौथा. पी०३०० म्हणजे मिसिंग एका जागी ठरलेलं नाही.

पी०३०२ आला आणि प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल, तर इंजिन बंद करून दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा. कोड पुसा, थोडं फिरून या. आता पी०३०३ दिसला तर कॉइल गेली आहे. पी०३०२ च राहिला तर हीच अदलाबदल प्लगची करा. तरीही दोष तिथेच असेल तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून टिकटिक ऐका. शेजारचे वाजतायत आणि तो गप्प असेल, तर आधी त्याचा कनेक्टर काढून आतला गंज बघा. आणि गाडी बरेच दिवस मिसिंगवर चालली असेल तर डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर मिसिंग दुरुस्त केल्यावर ऑइलही बदला, पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.