वाचकांचे प्रश्न : दोर टाकायच्या आधी झाड बघा

प्रश्न : ताई, आम्ही कराडचे चार मित्र, दर रविवारी कुठला ना कुठला गड करतो. आता डोक्यात असं आलंय की मोठ्या झाडावर दोराने चढायचं. माझ्या मामाच्या रानात, मेढ्याच्या बाजूला, एक लय जुना रायवळ आंबा आहे, पहिली फांदीच 35 फुटांवर. आमच्याकडे रॅपलिंगचा (कड्यावरून उतरायचा) दोर आहे, दोन हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) आहेत, हेल्मेट आहेत. एवढ्यावर जमेल का?

उत्तर : तुम्ही चढायच्या आधी विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. हार्नेसचं सांगतेच, पण आधी झाडाचं. ज्या दिवशी जाल त्या दिवशी पहिला अर्धा तास दोर सॅकमधून काढूच नका, नुसतं आंब्याभोवती फिरा, जवळून बघा, मग लांब जाऊन बघा. शेंडा वाळलाय का, वर कुठे वाळकी फांदी नुसती अडकून राहिलीय का (खालून कुणी दोर हलवला की तीच डोक्यात येते), बुंध्याला अळंबी फुटलीय का, एका बाजूची माती फुगून भेगाळलीय का. आंब्याचं म्हणाल तर भिरूड बघायचा. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला, सालीवर भोकं दिसली, तर आतून खोड पोखरलंय असं समजा आणि मामांना सांगा, ते औषध करतील, तुम्ही मात्र त्या झाडावर चढू नका. विजेची तार जवळून जात असेल तर ते झाड सोडूनच द्या, यात घासाघीस नको.

झाड पास झालं की मग दोर. तुमचा दोर स्टॅटिक आहे का डायनॅमिक ते आधी बघा, टोकाच्या पट्टीवर छापलेलं असतं. डायनॅमिक दोर पडणाऱ्याला झेलायला केलेला असतो म्हणून तो ताणतो, झाडावर चढताना तुम्ही हातभर वर सरकता आणि दोर तुम्हाला परत खाली आणतो. झाडाला कमी ताणणारा, म्हणजे स्टॅटिक दोर लागतो, 11 ते 13 मिमी जाडीचा. शेतीच्या दुकानातला नायलॉनचा दोर, विहिरीचा दोर, ट्रॅक्टरचा दोर, यातलं काहीही नको, मग तो कितीही जाड असू दे, तो माणसाच्या जिवासाठी तपासलेला नसतो. आणि लांबी मोजा. दोर फांदीवरून जाऊन दोन्ही टोकं जमिनीवर यायला हवीत, म्हणजे 35 फुटांच्या फांदीला 70 फूट, वर गाठींना आणि शेपटाला (गाठीपुढे उरणाऱ्या टोकाला) 15 फूट धरा. मोकळ्या टोकाला एक जाड गाठ मारून ठेवा म्हणजे उतरताना दोर संपून हातातून निसटायचा नाही.

दोर वर जातो तो थ्रो लाईनने. बारीक गुळगुळीत दोरी, तिच्या टोकाला 300-400 ग्रॅमची पिशवी, ती फांदीवरून टाकायची आणि मग तिला मोठा दोर बांधून ओढून घ्यायचा. दगड बांधून फेकू नका, तो सुटतो आणि कुठे जाईल सांगता येत नाही. फांदी जिवंत हवी, निदान 15 सेंमी जाड हवी आणि दोर बुंध्याला चिकटून बसायला हवा, लांब टोकाला नाही. हे पहिल्या फेकीत कधीच होत नाही. माझी एकदा अख्खी सकाळ यातच गेली, मेढ्याच्याच बाजूला, बेहड्याचं झाड होतं, आणि शेवटी पिशवी गेली तेव्हा इतका आनंद झाला की दोर ज्या फांदीवर बसलाय तिला एकही पान नाही हे कुणी बघितलंच नाही. मैत्रिणीने आणि मी दोर धरून जरा बाजूला सरकून दोघींचं वजन टाकलं आणि फांदी काडकन मोडून आमच्या पुढ्यात पडली, आतलं लाकूड हाताने चुरगळत होतं. तेव्हापासून दोघांनी लटकून बघितल्याशिवाय आमच्यात कुणाचा पाय जमिनीवरून उचलत नाही. तुम्हीही हे कराच, हेल्मेट घालून करा.

चढायची पद्धत अशी की दोराचं एक टोक तुमच्या हार्नेसला, आणि त्याच टोकाच्या शेपटाने दुसऱ्या बाजूच्या दोरावर एक घट्ट बसणारी गाठ, बहुतेक जण ब्लेक्स हिच मारतात. गाठ वर सरकवली की सरकते, वजन टाकलं की आवळते. तुमच्यातला कुणी कितीही हुशार असला तरी व्हिडिओ बघून हे शिकू नका, दोरावर काम करणाऱ्या कुणा जाणत्या माणसासमोर बसून शिका, आणि नंतर जमिनीपासून 2 फुटांवर लटकून इतके वेळा करा की कंटाळा येईल. आपल्या दोराच्या फांदीच्या वर कधीही चढायचं नाही, कारण मग दोर सैल पडतो आणि घसरलात तर सगळा हिसका तुमच्या कमरेला बसतो.

उतरताना सावकाश या. दोरावर दोर घासून तापतो आणि नायलॉन वितळतो, मी एकदा घाईने उतरले तर गाठीचा दोर एका जागी काचेसारखा चकाकत होता, बोट फिरवलं तर कडक लागलं, तो तुकडा कापून टाकला. सालीचंही तसंच, जिवंत फांदीवर दोर वरखाली घासून साल सोलली जाते, म्हणून फांदीवर फ्रिक्शन सेव्हर टाकतात, म्हणजे दोन रिंगांचा पट्टा, दोर रिंगांतून फिरतो. तो नसेल तर त्या फांदीवर चौघांनी दिवसभर चढउतार करू नका. आंब्याचा चीक अंगाला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

आणि रॅपलिंगच्या हार्नेसमध्ये लटकून बसलात की मांड्या बधिर होतात, पायासाठी दोरीचा एक फास ठेवा म्हणजे मधेमधे उभं राहता येईल. हार्नेसमध्ये कुणी बेशुद्ध होऊन लटकत राहिला तर जिवावर बेततं, त्यामुळे पहिला माणूस चढायच्या आधीच दुसरा दोर झाडावर तयार हवा आणि त्यावरून जाऊन त्याला खाली आणणारा माणूस खाली हजर हवा. तिथे 108 ला फोन लावायला रेंज आहे का तेही आधी बघून ठेवा.

तुम्ही वर पोचाल ना, तेव्हा बेचक्यात नीट बसा आणि दहा मिनिटं कुणी बोलू नका. खालून जो बुंधा खांबासारखा वाटतो तो वर वाऱ्यात हलत असतो, पाठ टेकवली की कळतं. गडावर असं होत नाही.

प्रश्न : आम्ही शिराळ्याचे. चांदोलीच्या बाजूला काय एकेक झाडं आहेत! तिथे चढता येईल का? परवानगी कुणाची? मोहोळाचं काय करायचं?

उत्तर : चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे आणि कोयनेसकट सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे हे करायचं नाही. देवराईतल्या झाडावरही नाही, ती देवाची आहेत आणि गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखली आहेत. मालकीच्या रानातलं झाड निवडा, मालकाला समोर भेटून विचारा.

मोहोळाला मी स्वतः सगळ्यात जास्त घाबरते. आग्या उंच झाडाच्या फांदीखाली उघड्यावर लटकतं, काळपट अर्ध्या ताटासारखं दिसतं, ते झाडच काय, त्याच्या शेजारचं झाडही सोडायचं. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही हो. सातेरी मधमाशी मात्र ढोलीत असते म्हणून खालून दिसत नाही, दुर्बिणीने ढोलीच्या तोंडाशी ये-जा दिसते का बघा. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तशा गावातला मधपाळ कुणी ओळखीचा असेल तर त्याला एकदा बरोबर न्या, तो पाच मिनिटांत सांगेल. ढोलीत धनेशाची जोडी असेल किंवा वर शेकरूचं घरटं असेल तरी लांब राहा. धनेशाची मादी उन्हाळ्यात ढोलीचं तोंड लिंपून आत बसते, नर तिला बाहेरून चारा आणतो, तुम्ही दिवसभर तिथे लटकलात तर तो येणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी 12 वर्षांची, मामेभावाबरोबर दोराने झाडावर चढायचं म्हणते. पाठवू का? (वाई)

उत्तर : ताई, शिकवणारा जाणता असेल तर पाठवा. अमेरिकेत अटलांटाला पीटर जेन्किन्स यांनी 1983 साली ट्री क्लायंबर्स इंटरनॅशनल सुरू केली, तेव्हापासून लोक हे छंद म्हणून शिकतात आणि लहान मुलंही चढतात. हार्नेस तिच्या मापाचा हवा, मोठ्यांचा आवळून घातलेला नको, केस घट्ट बांधलेले हवेत (मोकळी वेणी गाठीत अडकते), आणि तिचा दोर मोठ्या माणसाने तपासल्याशिवाय तिने चढायचं नाही. बुटाला लोखंडी काटे लावून चढवतो म्हणाला कुणी तर नाही म्हणा, त्याने जिवंत झाडाला जखमा होतात. झाड चिंचेचं बघा, चिवट असतं. शेवगा, पांगारा, गुलमोहर नको, जांभूळ तर अजिबात नको, फांदी कधी मोडेल सांगता येत नाही. जून ते सप्टेंबर सालीवर शेवाळ असतं आणि वळवाच्या दिवसांत दुपारनंतर विजा, म्हणून दिवाळीनंतरची एखादी सकाळ धरा, आणि पहिल्या दिवशी तुम्हीही खाली थांबा, ती दहा फुटांवरूनच आधी तुम्हाला हाक मारेल.